शालान्त परीक्षेतील इग्बो : भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना

नायजेरियाच्या आग्नेय भागातील अबिया, अनांब्रा, एबोन्यी, एनुगू व इमो ही पाच राज्ये म्हणजे इग्बो भाषकांची मुख्य भूमी होय. हौसा व योरुबा यांच्याबरोबर इग्बो ही त्या देशातील तीन प्रमुख भाषांपैकी एक आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेले पश्चिम आफ्रिकी परीक्षा मंडळ माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस या विषयाची परीक्षा घेते. विद्यापीठ प्रवेशासाठी १९७८ मध्ये निर्माण झालेल्या मंडळाच्या परीक्षेतही इग्बोचा समावेश आहे. भाषा, साहित्य आणि संस्कृती असे या विषयाचे तीन भाग केलेले आहेत. हे भाग सोयीसाठी वेगळे केलेले असले तरी त्यांचा अभ्यास वेगवेगळा केल्यास विषयाचा गाभा हाती लागत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भाषा : बोलणे आणि लिहिणे यांतील अंतर

इग्बो ज्याची मातृभाषा आहे अशा विद्यार्थ्यालाही भाषेचा भाग सोपा जातोच असे नाही. इग्बो लेखनासाठी रोमन लिपी वापरली जाते. लेखनपद्धतीविषयी सुमारे तीन दशके चाललेला वाद १९६१ मध्ये ओन्वू समितीच्या निर्णयाने बहुतांशी मिटला. या पद्धतीत ८ स्वर व २८ व्यंजने अशी ३६ अक्षरे आहेत. आठ स्वरांचे चार-चारांचे दोन गट असून सामान्यतः एका साध्या शब्दात एकाच गटातील स्वर येतात. 'तो जेवला' याला 'ओ रिरि' म्हणतात, तर 'तो गेला' याला 'ऑ गारा' म्हणतात. क्रियापदाच्या स्वरानुसार सर्वनामाचा स्वर बदलतो. लेखनात हा भेद अक्षराखालील टिंबाने दाखविला जातो. हा नियम विद्यार्थी बोलताना नकळत पाळतो; परीक्षेत मात्र तो जाणीवपूर्वक लिहून दाखवावा लागतो.

दुसरा प्रश्न आघाताचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा आहे. मराठीत आवाजाच्या चढउताराने शब्दाचा मूळ अर्थ बदलत नाही. इग्बोत तो बदलतो. 'अक्वा' या एकाच शब्दरूपाची दोन्ही अक्षरे उच्च उच्चारल्यास 'रडणे', उच्च-नीच उच्चारल्यास 'कापड', नीच-उच्च उच्चारल्यास 'अंडे' आणि दोन्ही नीच उच्चारल्यास 'खाट' असे अर्थ होतात. नेहमीच्या लेखनात आघातचिन्हे सहसा दिली जात नाहीत, त्यामुळे अर्थ संदर्भावरूनच ठरवावा लागतो.

तिसरी अडचण प्रमाणभाषेची आहे. परीक्षेची भाषा 'इग्बो इझुग्बे', म्हणजे सर्वसाधारण इग्बो ही आहे. घरात मात्र ओनित्शा, न्सुक्का, ओवेरी अशा निरनिराळ्या बोली बोलल्या जातात. प्रमाणीकरणाच्या कार्यात एफ. सी. ओग्बालू यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या इग्बो भाषा व संस्कृती संवर्धन संस्थेचा वाटा मोठा आहे. तथापि, अनेक बोली एकत्र करून घडविलेल्या कृत्रिम भाषेवर चिनुआ अचेबे यांनी १९९९ मध्ये ओवेरी येथील व्याख्यानात कठोर टीका केली होती. म्हणून बोलीला अशुद्ध न मानता तिच्या आधारे प्रमाणरूप शिकविणे हेच अध्यापनदृष्ट्या हितावह ठरते.

साहित्य : संस्कृतीच्या ज्ञानाशिवाय अपुरे

साहित्याच्या भागात मौखिक व लिखित अशा दोन्ही परंपरांचा समावेश होतो. लोककथा, म्हणी, कोडी व गीते यांच्याबरोबर कथा, नाटक आणि कविता अभ्यासाव्या लागतात. पीटा न्वाना यांची १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ओमेनुको' ही इग्बोतील पहिली कादंबरी मानली जाते. व्यापाराचा माल गमावलेला नायक आपल्याकडे शिकण्यासाठी ठेवलेल्या मुलांना गुलाम म्हणून विकतो, गाव सोडतो, परक्या मुलखात सत्ता मिळवितो आणि अखेरीस स्वगृही परततो, असे तिचे कथानक आहे.

केवळ कथासार पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही एका यशस्वी माणसाची कथा वाटू शकते. परंतु कुळ, पूर्वज आणि जन्मभूमी यांच्याशी इग्बो व्यक्तीचे असलेले नाते समजल्यावरच परमुलखातील वैभव नायकाला का पुरत नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळते. म्हणजेच साहित्याच्या प्रश्नाचे उत्तर संस्कृतीच्या भागात दडलेले असते.

संस्कृती : कोला फळाचे उदाहरण

संस्कृतीच्या भागात नामकरण, विवाह, अंत्यविधी, नव्या कंदाचा उत्सव, मुखवट्यांचे नृत्य तसेच एके, ओरिए, आफो व न्क्वो हा चार बाजारदिवसांचा आठवडा यांसारखे विषय येतात. यांपैकी कोला फळाचा विधी विशेष उद्बोधक आहे. पाहुणा आल्यावर यजमान 'ऑजी', म्हणजे कोला पुढे करतो. ते उपस्थितांना दाखविले जाते, ज्येष्ठ पुरुष त्यावर प्रार्थना म्हणतो आणि नंतर ते फोडून वाटले जाते. विधीसाठी अनेक पाकळ्यांचा देशी कोलाच लागतो. दोन पाकळ्यांचा 'ग्वोरो' चालत नाही. चार पाकळ्या निघाल्यास त्यांचा संबंध चार बाजारदिवसांशी जोडला जातो.

कोलाला इंग्रजी कळत नाही, अशी इग्बो लोकांची धारणा आहे. म्हणून प्रार्थना इग्बोतच म्हटली जाते. ही प्रार्थना मौखिक साहित्याचा नमुना आहे, तिच्यातील म्हणी भाषेच्या भागात येतात आणि विधी संस्कृतीच्या भागात. अभ्यासक्रमाचे तिन्ही भाग या एका कृतीत एकत्र येतात.

निष्कर्ष

प्राथमिक शाळेच्या पहिल्या सहा वर्षांत मातृभाषा हे माध्यम असावे, असे धोरण नायजेरियाच्या केंद्र शासनाने २०२२ मध्ये मंजूर केले होते. २०२५ मध्ये ते रद्द करून इंग्रजी माध्यमाचा स्वीकार करण्यात आला. माध्यम म्हणून स्थान गमावलेल्या भाषेसाठी विषय म्हणून असलेले स्थान अधिक मोलाचे ठरते. या परिस्थितीत इग्बोची परीक्षा केवळ गुण मिळविण्याचे साधन राहत नाही. भाषेचे लिखित रूप पुढील पिढीकडे पोहोचविण्याचा तो एक प्रमुख मार्ग ठरतो. मात्र टिंबांचे नियम, कथासार आणि चालीरीतींच्या याद्या वेगवेगळ्या पाठ करून हे उद्दिष्ट साध्य होणार नाही. कोलावरील प्रार्थना ऐकणाऱ्या, तिचा अर्थ जाणणाऱ्या आणि ती अचूक लिहू शकणाऱ्या विद्यार्थ्यानेच हा विषय खऱ्या अर्थाने आत्मसात केला, असे म्हणता येईल.