नव्या विद्यार्थ्याचे उपनयन : प्रवेशानंतरचे पहिले दिवस आणि आपले कर्तव्य

'नीट'चा निकाल, पसंतीक्रम, प्रवेशफेऱ्या आणि अखेर यादीत आलेले नाव, येथपर्यंतच्या वाटचालीची चर्चा घरोघरी होते. २०१८ पासून आयुर्वेदाच्या प्रवेशासाठीही ही परीक्षा अनिवार्य झाल्याने या चर्चेला अधिकच धार आली आहे. परंतु पेढे वाटून झाल्यावर, ट्रंक आणि गादी घेऊन विद्यार्थी वसतिगृहाच्या दारात उभा राहिल्यावर पुढे काय होते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वडवणी परिसरातून बी.ए.एम.एस.ला गेलेल्या मुलामुलींकडे पाहताना आम्हास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पहिल्या वर्षी मागे पडणाऱ्यांपैकी अनेकांच्या ठिकाणी बुद्धीची उणीव नसते. उणीव असते ती नव्या ठिकाणी कोणाशीही नाते न जुळल्याची. ग्रंथालय असते पण पायरी चढलेली नसते, शिष्यवृत्ती असते पण अर्ज केलेला नसतो, गुरुजन असतात पण शंका विचारण्याचे धैर्य नसते. हा विषय आपल्या संहितांना अपरिचित नाही आणि आपल्यासारख्या व्यवसायबंधूंच्या आवाक्याबाहेरचाही नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

संहितांचा दृष्टिकोन

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दुसऱ्याच अध्यायात शिष्योपनयनाचा विषय घेतला आहे. शारीर, द्रव्य, व्याधी यांच्या विवेचनापूर्वी शिष्याला विद्येच्या कुळात सामावून घेण्याचा विधी सांगितला, हा क्रम अर्थपूर्ण आहे. अग्नीच्या साक्षीने शिष्याला आचाराचे नियम सांगितले जातात हे आपण सारे जाणतो. पण त्याच ठिकाणी गुरूही स्वतःला बांधून घेतो, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. शिष्य नीट वागत असताना मी त्याच्याकडे अन्यथा दृष्टीने पाहिले तर दोष माझ्याकडे येवो आणि माझी विद्या निष्फळ होवो, अशा आशयाची ती प्रतिज्ञा आहे. नवागताला आपलेसे करण्याचे उत्तरदायित्व एकट्या नवागतावर टाकलेले नाही, हे यातून स्पष्ट होते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ज्ञानाचे तीन उपाय सांगितले : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. एकाच विद्येच्या अभ्यासकांनी एकत्र बसून बोलावे, त्यामुळे ज्ञान वाढते, वाणीला सामर्थ्य येते आणि ऐकलेल्या विषयातील संशय फिटतो, असे तेथे प्रतिपादन आहे. म्हणजे सहाध्यायींचा सहवास ही करमणुकीची बाब नसून अध्ययनाचे एक साधनच आहे. खोलीचे दार लावून एकट्याने पाठांतर करणारा विद्यार्थी कितीही मेहनती असला तरी तीनपैकी एकाच साधनावर विसंबून असतो.

तिसरा धागा ऋतुचर्येचा. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येत्या ऋतूचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो. या काळात जुनी चर्या क्रमाने सोडावी व नवी क्रमाने स्वीकारावी, अन्यथा असात्म्यज विकार उद्भवतात, ही शिकवण आपण रुग्णांना नेहमी देतो. घर सोडून वसतिगृहात जाणे हाही एक संधिकालच होय. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले शरीर मेसच्या जेवणाला एकदम सरावत नाही. निद्रेची वेळ बदलते, रात्रीजागरण सुरू होते, अग्नी विषम होतो. मनाचेही तसेच आहे. तेथेही ओकसात्म्य आणि पादांशिक क्रम यांचा विचार व्हावयास हवा.

राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत बी.ए.एम.एस.च्या आरंभी किमान पंधरा दिवसांचा संक्रमण अभ्यासक्रम ठेवण्यात आला आहे. ऋतुसंधीचे चौदा दिवस आणि हे पंधरा दिवस यांतील साम्य योगायोगाचे असेलही. तत्त्व मात्र एकच आहे. अनेक महाविद्यालयांत याच सुमारास शिष्योपनयन सोहळाही होतो. प्रश्न हा की, ज्याला या दिवसांची सर्वाधिक गरज आहे तो विद्यार्थी तेथे उपस्थित असतो काय?

वडवणीच्या विद्यार्थ्याची विशेष अडचण

बीड-परळी मार्गावरील आपला हा तालुका बालाघाटाच्या कुशीतला, कोरडवाहू शेतीचा आणि ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे कारखान्यांवर निघतात आणि उन्हाळा लागता परततात. गेल्या काही वर्षांत आयुर्वेद प्रवेशाच्या फेऱ्याही दिवाळीच्या मागेपुढे चाललेल्या आहेत. परिणामी मुलाचा प्रवेश निश्चित होतो तेव्हा आईवडील उसाच्या फडात असतात. सोबत जाण्यास घरचे कोणी नाही, उत्पन्नाचा दाखला वा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढण्यास कोणी नाही. त्यात प्रवेश शेवटच्या फेरीत झाला तर संक्रमण अभ्यासक्रमाचे दिवस निघून गेलेले असतात आणि मित्रमंडळांची घडीही बसलेली असते.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलापुढे पहिल्याच व्यावसायिक वर्षात संस्कृत, पदार्थविज्ञान, संहिता अध्ययन, रचनाशारीर व क्रियाशारीर एकदम उभे राहतात. एका हाती संस्कृत सूत्र आणि दुसऱ्या हाती इंग्रजी शरीररचनेचा ग्रंथ. हे पहिले व्यावसायिक वर्ष अठरा महिन्यांचे आहे आणि उपस्थिती किमान ७५ टक्के लागते. पहिल्या तीन महिन्यांत संकोचाने मागे बसलेला विद्यार्थी पुढे येण्यास फार वेळ घेतो.

तथापि या मुलाला केवळ दुबळा समजणे अन्यायाचे होईल. टाकळा, आघाडा, सराटा, रुई, निरगुडी, पळस, तरवड या वनस्पती त्याने शेताच्या बांधावर लहानपणापासून पाहिलेल्या आहेत. चक्रमर्द, अपामार्ग, गोक्षुर ही नावे शहरी विद्यार्थी पाठ करतो. आपल्या मुलाला ती ओळखीच्या रोपट्यांची नवी नावे म्हणून भेटतात. हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. वनौषधी उद्यानात त्याने चार सहाध्यायींना एखादी वनस्पती ओळखून दाखवली की मैत्रीचा आरंभ होतो, आणि आपल्याजवळही देण्यासारखे काही आहे हा विश्वास येतो.

उपलब्ध साहाय्य

महाराष्ट्रात परगावच्या विद्यार्थ्याला आधार देण्याची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १९५५ मध्ये पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समितीचा पाया घातला. जेवण्या-राहण्याची सोय आणि आपलेपणा एकत्र मिळाला तर खेड्यातील मूल टिकते, हे या कार्याने सिद्ध केले आहे.

आज शासनाच्या योजनाही अनेक आहेत. महाडीबीटीवरून राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. नोंदणीकृत मजूर व अल्पभूधारक यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, तर इतर मागास, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास घटकांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्याही धन्वंतरी विद्याधन, सावित्रीबाई फुले विद्याधन, संजीवनी विद्यार्थी सुरक्षा अशा विद्यार्थी कल्याण योजना आहेत. अटी व मुदती दरवर्षी महाविद्यालयाच्या कार्यालयातून समजून घ्याव्यात.

रॅगिंगची भीती पालकांच्या मनात असते. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने हा गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आधारासाठी 'टेलि-मानस'चा १४४१६ हे दोन्ही विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. सतत अनिद्रा, अरुची, एकांतप्रियता दिसल्यास 'घरची आठवण येते एवढेच' असे म्हणून सोडून देऊ नये.

आपण काय करावे?

वैद्यबंधू-भगिनी व औषधालयांचे मालक यांच्या विचारार्थ काही सूचना आम्ही मांडतो.

१) दाखल्यांचे काम सीमोल्लंघनापूर्वी : आपल्या रुग्णकुटुंबांत बारावी झालेला विद्यार्थी असेल तर उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता यांची कागदपत्रे आणि आधारशी जोडलेले बँक खाते पालक कारखान्यावर जाण्यापूर्वी तयार करून घेण्याची आठवण द्यावी. यास आपला एक पैसाही लागत नाही.

२) एक शिक्षक, एक ज्येष्ठ विद्यार्थी : आपण ज्या महाविद्यालयातून शिकलो तेथे आज आपले सहाध्यायी अध्यापक आहेत. विद्यार्थी निघण्यापूर्वी एक दूरध्वनी करून त्याची ओळख करून द्यावी. त्याच गावाकडचा एखादा ज्येष्ठ विद्यार्थीही जोडून द्यावा. पहिल्या आठवड्यात या दोघांना भेटणे, ग्रंथालयाचे कार्ड काढणे आणि कार्यालयातील शिष्यवृत्तीचा विभाग पाहणे, एवढे काम विद्यार्थ्यास नेमून द्यावे.

३) तद्विद्यसंभाषेची सवय : रोज सायंकाळी चौघांनी मिळून दिवसाचा पाठ एकमेकांस मराठीत समजावून सांगावा, असे सुचवावे. राष्ट्रीय सेवा योजना, वनौषधी भ्रमंती, श्लोकपठण यांपैकी एका उपक्रमात तरी नाव द्यावे. सर्वांत भाग घेण्याची आवश्यकता नाही, एक पुरे.

४) औषधालयाचे दार उघडे ठेवणे : सुटीत घरी आलेल्या विद्यार्थ्यास आपल्या औषधालयात बसू द्यावे. कच्ची द्रव्ये हाताळणे, गुळवेल व शतावरी यांची पारख, चूर्णाची साठवण हे पहिल्या वर्षी पाहिले तर पुस्तकातील द्रव्य सजीव होते. महाविद्यालयाच्या गावी दुकान असलेल्या मालकांनी मराठवाड्यातून आलेल्या मुलांसाठी आठवड्यातील एक तास ठेवावा.

५) पुस्तके : आपल्या कपाटात पडून असलेल्या संहिता व शारीराचे ग्रंथ तालुका शाखेने एकत्र करावेत आणि वर्षभरासाठी विद्यार्थ्यास द्यावेत. वर्ष संपताच ते पुढच्यास मिळावेत.

६) दिवाळी : ज्यांचे आईवडील फडावर आहेत अशा विद्यार्थ्यांना दिवाळीत रिकाम्या घरी परतावे लागते किंवा ते वसतिगृहातच राहतात. त्यांना एक दिवस आपल्या घरी जेवावयास बोलवावे. शासनाच्या कोणत्याही योजनेत हे कलम नाही, म्हणून ते आपले.

यात मोठा निधी नाही, ठराव नाही, समिती नाही. परंतु याचा लाभ केवळ विद्यार्थ्यास होतो असे मानू नये. साडेचार वर्षे व एक वर्ष आंतरवासीयता पूर्ण करून बाहेर पडणारा पदवीधर आयुर्वेदाने चिकित्सा करील की नाही, हे पुष्कळ अंशी पहिल्या वर्षी त्याचे शास्त्राशी आणि शास्त्रज्ञांशी नाते जुळले की नाही यावर अवलंबून असते. नाते न जुळलेला पदवी घेतो आणि शास्त्र सोडतो. आपल्या तालुक्याला उद्याचा वैद्य मिळावयाचा असेल तर त्याच्या उपनयनातील आपला वाटा आपण आजच उचलला पाहिजे. तालुका शाखांनी येत्या प्रवेशवर्षापूर्वी आपापल्या गावच्या विद्यार्थ्यांची यादी करावी व प्रत्येकाच्या नावापुढे एका वैद्याचे नाव लिहावे, एवढीच आमची नम्र विनंती.