पारदर्शक, पण हट्टी : ॲक्रिलिक कापायचं कसं?

प्रोजेक्टचं नाव काहीही असो, गाईडसरांचं एक वाक्य ठरलेलं असतं : "आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे." झालं! मग कोणीतरी पारदर्शक शीट आणायला बाजारात पळतो आणि खरी गंमत रूमवर सुरू होते. लाकूड आपण कापतो, पत्रा कापतो, काच दुकानदार कापून देतो. पण ही शीट कापायला घेतली की कधी वितळते, तर कधी भलतीकडेच तडकते. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या ग्रुपचा विषय होता सांगलीचा पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते, तेव्हा मागचं पाणी कसं फुगतं हे बाजूने बघता यावं, म्हणून दोन फुटांचा पारदर्शक चॅनेल करायचा होता. काचेची घनता साधारण २.५, ॲक्रिलिकची १.१९. म्हणजे वजन निम्म्याहून कमी. मी साताऱ्याचा. घरच्या शेडमध्ये कापाकापी करून पॅनेल एस.टी.ने सांगलीला न्यायचे असल्यामुळे हा मुद्दा मला फारच पटला!

आधी शीट ओळखा

बाजारात 'फायबर' या एका नावाखाली काहीही हातात पडतं. ओळखायची सोपी युक्ती : डोळ्यांवर गॉगल लावा, छोटा तुकडा पकडीत धरा आणि वाकवा. कटकन तुटला तर बहुतेक ॲक्रिलिक. नुसताच दुमडला तर पॉलिकार्बोनेट किंवा पीव्हीसी. पुढे सांगितलेली 'रेघ मारून मोडायची' पद्धत या दुमडणाऱ्या मंडळींना लागू पडत नाही; त्यांना करवत, आणि पातळ असतील तर पत्र्याची कात्री. लेझर कटिंगला देणार असाल तर दुकानदाराकडून नाव पक्कं विचारून घ्या. लेझरखाली पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराईड वायू निघतो. तो मशीनलाही वाईट आणि आपल्या फुप्फुसांनाही.

शीट स्वस्तात मिळवायची जागा म्हणजे ट्रॉफ्या आणि बोर्ड करणारी दुकानं; त्यांच्याकडे तुकडे उरलेलेच असतात. दुसरी जागा आपल्याच स्टोअररूममध्ये. २०२० साली कोरोनात काउंटरवर बसवलेले पारदर्शक पडदे अनेक ऑफिसांत अडगळीत पडलेत. परवानगी काढून घ्या. पण उजेडात तिरके धरून बघा. सॅनिटायझरने पुसून पुसून केसासारख्या भेगा पडल्या असतील तर तेवढा भाग सोडून द्या. ॲक्रिलिकला स्पिरिट आणि थिनर सोसत नाही. साबणाचं पाणी पुरे.

तडा कुठे जावा, हे आपण ठरवायचं

आता थोडं स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स. (पान उलटू नका!) १९१३ मध्ये इंग्लिस या इंग्रज इंजिनिअरने खाचेच्या टोकाशी ताण किती पटीने वाढतो याचा हिशेब मांडला. खाचेच्या खोलीला टोकाच्या त्रिज्येने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा आणि त्यात १ मिळवा. समजा खाच ०.८ मि.मी. खोल आहे आणि टोकाची त्रिज्या ०.०५ मि.मी. भागाकार १६, वर्गमूळ ४, दुप्पट ८, उत्तर ९. म्हणजे बाकी शीटमध्ये जेवढा ताण, त्याच्या साधारण ९ पट खाचेच्या टोकाशी. शीट तिथेच मोडणार, दुसरीकडे कशाला जाईल?

२ ते ४ मि.मी. जाडीला ही पद्धत उत्तम. वरचा कागद किंवा फिल्म काढू नका, त्यावरच रेघ आखा. स्टीलची पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवा. आकड्यासारखं टोक असलेला ॲक्रिलिक कटर घ्या. नसेल तर हॅक्सॉचं जुनं ब्लेड ग्राइंडरवर तसं घासून घ्या. पहिले दोन हात अगदी हलके, मग जरा दाब देऊन आठ-दहा वेळा ओढा. पातळ दोरा निघत राहिला पाहिजे. जाडीच्या एक तृतीयांश खोल गेलात की पुरे. मात्र रेघ या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण हवी. जिथे रेघ संपते तिथून तडा आपल्या मर्जीने जातो. मग खाच वर ठेवून टेबलाच्या काठावर धरा आणि एका दमात खाली दाबा. दीड इंचापेक्षा अरुंद पट्टी अशी मोडायला जाऊ नका. तिला करवतच बरी.

करवत : शत्रू उष्णता

५-६ मि.मी.च्या वर करवतीला पर्याय नाही. इथे तड्यापेक्षा उष्णता जास्त त्रास देते. ॲक्रिलिक साधारण १०५ अंश से.ला मऊ पडतं आणि उष्णता वाहून नेण्यात पोलादाच्या शेकडो पटीने मागे आहे. त्यामुळे पात्याजवळची उष्णता तिथेच साचते, भुसा वितळतो आणि कापलेली फट मागून पुन्हा चिकटते! उपाय : बारीक दातांचं ब्लेड, सावकाश हात, मध्ये मध्ये थांबा, आणि शीटला कापाच्या दोन्ही बाजूंनी जवळच आधार. आधार नसेल तर शीट थरथरते आणि थरथरली की तडकते.

भोक पाडताना

इंग्लिसचा हिशेब इथे उलटा कामाला येतो. गोल भोकात खोली आणि त्रिज्या सारखीच, म्हणून उत्तर ३. टोकदार कोपऱ्यात मात्र ते कितीही वाढतं. म्हणून शीटमध्ये चौकोनी खिडकी पाडायची असेल तर आधी चारही कोपऱ्यांना गोल भोकं पाडा, मग भोकापासून भोकापर्यंत कापा. ड्रिल करताना खाली लाकडाचा तुकडा घट्ट बसवा, वेग कमी ठेवा, आणि बिट पलीकडे निघायच्या वेळी दाब सोडा. बहुतेक शीट तिथेच फुटतात.

बोल्टपेक्षा भोक एखादा मि.मी. मोठं ठेवा. एक मीटर ॲक्रिलिक दर अंशाला साधारण ०.०७ मि.मी. वाढतं. थंडीतली सकाळ आणि सांगलीतली एप्रिलची दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला, तरी दोन फुटांचं पॅनेल एक मि.मी.ने वाढतं. त्याला सरकायला जागा नसेल तर ते बोल्टपाशी तडकून जागा करून घेतं.

कड आणि जोड

कापलेली कड ब्लेडच्या पाठीने खरवडा, मग पाण्याचा पॉलिश पेपर २२०, ४००, ६०० असा चढवत न्या. शेवटची चमक टूथपेस्टनेही येते. (रूममेटची वापरू नये.) पण जोडायची कड सरळ आणि चौरस ठेवा, चकाकीच्या नादात गोल करू नका. ॲक्रिलिकचा जोड हा डिंकाचा जोड नव्हे. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि त्या एक होतात. मध्ये फट राहिली तर विरघळायला तिथे काही नसतंच!

लेझरने कापलेल्या कडेत उष्णतेचा ताण अडकलेला असतो. तिला थेट सॉल्व्हंट लावलं तर बारीक भेगांची जाळी उठते. लॅबमधल्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास ठेवून सावकाश थंड केलं की ताण बराच उतरतो. आणि एक कळकळीची विनंती : हे जोडकाम हॉस्टेलच्या बंद खोलीत कधीही करू नका. या दोन्हींची वाफ गुंगी आणणारी आणि यकृताला अपायकारक. गॅलरीत किंवा लॅबच्या फ्यूम हूडखाली करा. शेजारी झोपलेल्या मित्राने तुमचा प्रोजेक्ट निवडलेला नाही.

जाता जाता एक गोष्ट. डोळ्यात बसवलेली पहिली कृत्रिम लेन्स याच ॲक्रिलिकची होती. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी ती मोतीबिंदूच्या रुग्णाला बसवली. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे तुकडे डोळ्याने निमूट सहन केलेले त्यांनी पाहिले होते. एवढं सोशिक मटेरियल आपल्या हातात येऊन फुटतं, ते बहुधा घाईमुळे.

म्हणून सबमिशनच्या आदल्या रात्री शीट कापायला घेऊ नका. पूर दाखवणाऱ्या चॅनेलची एक कड जरी नीट बसली नाही, तरी पाणी गळतं, पातळी उतरते आणि मॉडेल चुकीचा आकडा दाखवतं. सांगलीत पाण्याच्या पातळीचा एकेक फूट किती महत्त्वाचा असतो, हे इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.