२,४४८ चे २,५०० का होत नाहीत?

एका श्रोत्या ताईंचा प्रश्न आलाय, आजचा भाग त्यावरच. त्यांचा मुलगा पाचवीत आहे. २,४४८ ही संख्या जवळच्या शतकापर्यंत राउंड ऑफ करायची होती. त्याने आधी एककाचा ८ बघून २,४५० केले, मग दशकाचा ५ बघून २,५००. बाईंनी फुली मारली. "मी दोन्ही वेळा नियमच लावला, मग चुकलं कुठे?" असं तो विचारतोय. प्रश्न एकदम रास्त आहे.

नियम जरा बाजूला ठेवू. राउंड ऑफ करणं म्हणजे मुळात तुलना करणं. २,४४८ च्या मागचं शतक २,४००, पुढचं २,५००. मागे जायला ४८ पावलं, पुढे जायला ५२. जवळ कोण? २,४००. झालं उत्तर. "पाच किंवा जास्त असेल तर वर" हा या तुलनेचा शॉर्टकट आहे, आणि तो मूळ संख्येवरच चालतो. मुलाने २,४५० केले तेव्हा त्याने पदरचे २ घातले आणि संख्या बरोबर मधल्या रेषेवर नेऊन ठेवली. दुसऱ्यांदा त्याला जो ५ दिसला, तो मूळ संख्येत नव्हताच. तिथे ४ होता. म्हणून शतकापर्यंत जायचं तर फक्त दशकाचा अंक बघा. एककाकडे ढुंकूनही बघायचं नाही.

खरोखरच २,४५० असतील तर? दोन्हीकडे ५०, तुलना निकालच देत नाही. अशा वेळी वर जायचं हा शाळेतला संकेत आहे, दुसरं काही नाही. पायथॉनमध्ये २.५ राउंड केले तर ३ नाही, २ येतात. तिथे मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायचा संकेत आहे.

आता गंमत बघा. मुलाचा हा घोळ कायदा करणाऱ्यांनीही टाळलाय. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात उत्पन्न जवळच्या दहा रुपयांपर्यंत न्यायचं कलम होतं, २८८अ. त्यात आधी पैसे सोडून द्यायला सांगितलंय. राउंड ऑफ करायला नाही, चक्क सोडून द्यायला. समजा उत्पन्न ४,५४,९९४ रुपये ९० पैसे आहे. पैसे सोडले की ४,५४,९९४, शेवटचा अंक ४, म्हणून ४,५४,९९०. तेच ९० पैशांचा आधी रुपया केला असता तर ४,५४,९९५ आणि मग थेट ४,५५,०००!

पण म्हणून नेहमीच मागचे अंक छाटून टाकावेत का? नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये आपला निर्देशांक १,००० वर सुरू केला. व्यवहार झाला की निर्देशांक नव्याने काढायचा आणि दशांश चिन्हानंतरच्या तीन अंकांपुढचं सगळं छाटायचं. दिवसातून हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत आकडा ५२४ च्या आसपास घसरला होता. हिशोब नीट केल्यावर तो निघाला १,०९८ च्या वर! राउंड ऑफ करताना कधी थोडं वर जातं, कधी खाली, बरंचसं फिटून जातं. छाटताना मात्र दरवेळी खालीच. शिवाय छाटलेलं उत्तर पुढच्या हिशोबात जात होतं, तिथे पुन्हा छाट.

लहान-मोठं ठरवतानाही हाच धोका आहे. ८९.४६ आणि ८९.५४ टक्के घ्या. पूर्ण संख्येत ते ८९ आणि ९० होतात, ०.०८ चा फरक एका टक्क्याचा दिसायला लागतो. उलट ८९.५४ आणि ९०.४६ दोघंही ९०, म्हणजे जवळजवळ एका टक्क्याचा फरक गायब. गुणवत्ता यादीत हे परवडणार नाही. तिथे आधी मूळ आकड्यांची तुलना, राउंड ऑफ शेवटी.

आणि हो, मुलांकडून दशांश संख्या वाचून घेताना ०.४५ ला "शून्य पूर्णांक पंचेचाळीस" म्हणू देऊ नका. "चार पाच" म्हणायला लावा. पंचेचाळीस म्हटलं की मुलांना ते ०.५ पेक्षा मोठं वाटतं. पूर्ण संख्यांच्या बाबतीत मात्र आपली भाषा फार कामाची आहे. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर यातला "ऊन" म्हणजे कमी. एक कमी पन्नास. पुढचं दशक कोणतं आणि किती लांब, हे नावातच सांगून टाकलंय.

ताईंच्या मुलासाठी एक गणित देतो: ९,९४९ जवळच्या शतकापर्यंत. एकदाच राउंड करायचं हं! उत्तर पुढच्या भागात.