फोटोची खरी तारीख कोणती?

शेतकरी बंधूंनो, ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा पूर आठवतो ना? भंडारा शहरासह नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, धानाच्या बांध्या बुडाल्या. मोबाईलवर फोटो काढले असतील. पण तेच फोटो नव्या मोबाईलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवले की तारीख कधी कधी चालू सालाची दिसते! मग तो पूर कोणत्या सालचा, हे सांगायचे कसे?

ग्रामपंचायतीची आवक नोंदवही डोळ्यांपुढे आणा. पत्रावर लिहिणाऱ्याची तारीख एक, आवक शिक्क्याची दुसरी. फाईलचेही तसेच. फोटो काढतानाच कॅमेरा त्याच्या पोटात तारीख लिहितो, ती पत्रावरची. कॉपी करताना मशीन लावते ती आवक शिक्क्याची. फोटोच्या ‘तपशील’मध्ये पोटातली तारीख पाहावी. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळच चुकीचे असेल तर तीही चुकते.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की पोटातली तारीख गळून पडते. म्हणून महत्त्वाचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आलेल्या फोटोच्या नावात २०२००८३० असे आठ आकडे दिसले, तर ती फोटो पोचल्याची तारीख. काढल्याची असेलच असे नाही.

जुन्या फेरफाराचा स्कॅन असेल, तर स्कॅनची तारीख कागदाची धरू नका. खूण कागदावरच शोधा. ‘तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा’ असे छापले असेल, तर तो नमुना बहुधा १ मे १९९९ पूर्वीचा. त्या दिवशी गोंदिया जिल्हा वेगळा झाला.

मग करायचे काय? फाईलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस, शेवटी गट क्रमांक व विषय लिहा. यादी आपोआप क्रमाने लागते. दिवस ठाऊक नसेल तर नुसते साल व ‘अंदाजे’ लिहा. मनाने तारीख ठोकू नका. काटछाट करायची ती प्रतीवर, मूळ फाईल जशीच्या तशी ठेवा.

पीक विम्यात स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागत असे. ई-पीक पाहणीही २०२१ पासून फोटोनेच होते. तेव्हा तारखेचे मोल ओळखा आणि रोवणी आटोपली की एक संध्याकाळ या कामाला द्या.