पात्याची पारख

पाते म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. वस्तुतः माणसाला पात्याची गरज प्रथम भासली ती लढण्यासाठी नव्हे, तर पोटासाठी. स्वयंपाकघरातील विळी, जिला कोकणी घरांत आदोळी म्हणतात. पानाच्या तबकातील अडकित्ता, जो आमच्या सुरतेत सूडी या नावाने ओळखला जातो. शेतातील विळा आणि कोयता ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. यंत्राने कापलेली पाती आज स्वस्त मिळतात, तरीही हाताने घडवलेल्या पात्याचे मोल जाणकारांच्या लेखी कमी झालेले नाही. ते का, आणि अशा पात्याची पारख करावी कशी, याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

परदेशात अशा पात्यांमध्ये सर्वांत गाजलेला म्हणजे अमेरिकेतील ‘बोवी’ सुरा. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतील एका वाळवंटावर झालेल्या मारामारीत जेम्स बोवी गोळ्यांनी घायाळ झाला असतानाही आपल्या मोठ्या सुऱ्याच्या बळावर बचावला, आणि त्या सुऱ्याची कीर्ती देशभर पसरली. पुढे ६ मार्च १८३६ रोजी अलामोच्या गढीत तो मारला गेला. गंमत अशी की, त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ साली लिहिले त्याप्रमाणे मूळ सुरा शिकारीसाठी केलेला, सुमारे सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद आणि एकधारी असून त्याच्या पात्याला बाक नव्हता. आज ज्याला आपण बोवी म्हणतो त्याचे टोकाजवळ कापून घेतल्यासारखे पाते हे नंतरच्या कारागिरांचे देणे होय. अमेरिकेत खपलेले कित्येक बोवी सुरे तर इंग्लंडमधील शेफील्ड येथे तयार झालेले होते. त्याच सुमारास टेनेसी राज्याला या सुऱ्यांच्या विक्रीस बंदी करणारा कायदा करावा लागला, हेही विसरता कामा नये. कीर्ती आणि अपकीर्ती कधी कधी एकाच मुठीत नांदतात!

परंतु पोलादाच्या विद्येसाठी आपणांस अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. दक्षिण भारतातील मुशीत तयार होणारे ‘वूट्झ’ पोलाद जगप्रसिद्ध होते. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले. पुढे मायकेल फॅरेडेसारख्या थोर शास्त्रज्ञानेही त्याचा अभ्यास केला. लोखंडात कर्ब किती आहे यावर सारी मदार असते. कर्ब अगदी कमी असला तर पाते मऊ राहून धार टिकत नाही. फार झाला तर ते ठिसूळ होते. म्हणूनच आपल्याकडील लोहार मोटारीच्या कमानीचे जुने पाटे पसंत करतात; त्यांतील कर्ब शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक असतो आणि तो कोयत्याला मानवतो.

आता घडणीकडे वळू. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांत पट्टी नारिंगी होईपर्यंत तापवावी, सांडशीने ऐरणीवर धरावी आणि घाव घालावेत, एवढे वर्णन सोपे आहे. खरी विद्या घाव कोठे घालावा यात आहे. धारेची बाजू ठोकून पातळ केली की तेथील धातू लांबीत पसरतो, आणि पाते आपोआप पाठीच्या बाजूला वाकते. कसबी लोहार हे आधीच ओळखून पट्टीला उलट दिशेने थोडा बाक देऊन ठेवतो. मग धार ठोकता ठोकता ती सरळ होते. पुढे काय घडणार हे जाणून आज हात चालवणे, याहून निराळे शहाणपण ते कोणते?

यानंतर येते पाणी देणे. पाते इतके तापवतात की लोहचुंबकही त्याला चिकटेनासे होते. ही अवस्था सुमारे ७७० अंश सेल्सियसला येते. त्याहून किंचित अधिक तापवून ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवतात. त्यायोगे ते कठीण होते खरे, पण काचेसारखे फुटकेही होते. म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर धरावे लागते. तेव्हा घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर रंग उमटू लागतात: सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार कडक राहते. निळ्यापर्यंत नेले तर पाते लवचिक होते. हा सारा खेळ काही क्षणांचा असतो. कठीणपणाला चिवटपणाची जोड मिळाली तरच पाते ‘पाणीदार’ ठरते. माणसाचेही तसेच आहे.

पात्याचा आकार कामावरून ठरतो. बोवीची पाठ टोकाजवळ अंतर्वक्र उतरते, त्यामुळे टोक बारीक होऊन नेमके चालते आणि धारेचे पोट कातडे सोलण्यास उपयोगी पडते. मात्र असे नाजूक टोक उचकटण्याच्या कामी मोडू शकते. उलट कोयता पुढे जड असतो, म्हणून त्याच्या वजनानेच घाव बसतो. एकाचा गुण दुसऱ्याचा दोष ठरावा, असा हा प्रकार आहे.

या कोयत्याची एक गोष्ट आमच्या जिल्ह्याशी निगडित आहे. बारडोली भागातील साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास खानदेशातून हजारो कुटुंबे येत आली आहेत. तोडणीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे मोजावयाची ती अवजाराच्या नावाने! उसाच्या बुडख्यात साखर अधिक असते, म्हणून तोड जमिनीलगत करावी लागते. कोयता बोथट असेल तर बुडखा चिरफाळतो आणि पुढील खोडव्याचे नुकसान होते. शिवाय वाकलेल्या पाठीवर प्रत्येक घावाचे श्रम वाढतात. ज्याला आपण धार म्हणतो, ती त्या जोडीच्या दिवसभराच्या श्रमांचे माप असते. चांगल्या लोहाराची पारख करणे म्हणूनच केवळ हौसेची बाब नव्हे.

पारख करण्याच्या कसोट्या साध्या आहेत. पाते डोळ्यासमोर आडवे धरून पाठ सरळ आहे काय ते पाहावे. मुठीकडून टोकाकडे जाडी हळूहळू उतरली असावी. दोन्ही बाजूंचा उतार सारखा असावा. धार उजेडात धरली असता पांढरी रेघ चमकली, तर तेथे ती बोथट आहे असे समजावे. मूठ हलता कामा नये. हे निरीक्षण मुलांनी वडीलधाऱ्यांसमक्षच करावे, आणि बोटाने धार कधीही पाहू नये.

रस्त्याच्या कडेला गाडीपाशी भाता चालवणारे घिसाडी आणि गाडुलिया लुहार आपण पाहतो. गाडुलिया लुहार आपली परंपरा चितोडच्या पाडावापासून सांगतात. बहुधा तेथे घाव घालणारी स्त्रीच असते. त्यांच्यापाशी पदवी नसेल. परंतु धातूचा रंग पाहून उष्णता ओळखणारा डोळा आहे. विद्यार्थी मित्रांनो, रसायनशास्त्राच्या पुस्तकात कर्ब आणि पोलाद यांचा धडा वाचाल, तेव्हा त्या ऐरणीपाशी घटकाभर थांबा, आदराने प्रश्न विचारा. वस्तूची किंमत दुकानात कळते. तिचे मोल मात्र ती घडताना पाहिल्यावाचून उमगत नाही.