कोऱ्या कपड्यांची दिवाळी आणि जुन्या वस्तूंची दुकानं

ऑक्सफर्डमध्ये ब्रॉड स्ट्रीटवर १७ नंबरचं एक बेताचं दुकान आहे. ब्रिटनमधल्या आजच्या चॅरिटी शॉप्सची सुरुवात इथून झाली, असं मानलं जातं. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ग्रीसमधल्या उपासमारीनं अस्वस्थ झालेल्या ऑक्सफर्डच्या काही मंडळींनी एक समिती स्थापन केली. तीच पुढे ऑक्सफॅम म्हणून जगभर ओळखली गेली. युद्ध संपल्यावर युरोपातल्या निराधारांसाठी लोकांनी कपडे, भांडी, चीजवस्तू भरभरून दिल्या. साचलेल्या वस्तू विकून पैसा उभा करावा असं ठरलं आणि १९४७-४८ च्या हिवाळ्यात हे दुकान सुरू झालं. १९४९ साली जो मिटी नावाचा, सैन्यातून मोकळा झालेला तरुण संस्थेचा पहिला पगारी माणूस म्हणून रुजू झाला आणि त्यानं दुकान नावारूपाला आणलं. १९५१ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा ऑक्सफॅमनं तिथेही मदत पाठवली.

आज ब्रिटनमध्ये अशी सुमारे दहा हजार दुकानं आहेत. कॅन्सर रिसर्च, बर्नार्डोज, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, स्यू रायडर, रेड क्रॉस, शिवाय गावातल्या हॉस्पिसचं एखादं. जिथे बँकेची शाखा बंद पडली, पोस्ट ऑफिस गेलं, अशा गावाच्या हाय स्ट्रीटवरही दोन-तीन चॅरिटी शॉप्स तग धरून असतात.

ब्रिटनमधल्या मराठी घरांत खरेदीचा मोसम दसऱ्याला सुरू होतो आणि जानेवारीच्या सेलनंतरच संपतो. मधे दिवाळी, नाताळ आणि या दोन्हींमध्ये नव्यानं घुसलेला ब्लॅक फ्रायडे. ही अमेरिकी प्रथा ॲमेझॉननं २०१० मध्ये ब्रिटनमध्ये आणली आणि २०१३ मध्ये ॲसडानं ती सुपरमार्केटच्या दारात नेऊन ठेवली. म्हणजे इथल्या मराठी कुटुंबाला भारतातल्या कुटुंबाच्या दुप्पट सणांची आणि तिप्पट जाहिरातींची खरेदी करायची असते. पर्यावरणाचा विचार करणाऱ्यांसाठी दुकानांत ‘इको’ लिहिलेला माल रचून ठेवलेला असतो. पण पृथ्वीवर सगळ्यात कमी भार टाकणारी वस्तू बहुतेक वेळा ती असते जी आधीच बनली आहे, कुणीतरी वापरली आहे आणि अजून धडधाकट आहे. ती मिळण्याची ब्रिटनइतकी चोख व्यवस्था फार थोड्या देशांत असेल.

ही व्यवस्था चालते कशी, हे दुकानाच्या मागच्या खोलीत दिसतं. लोकांनी दारात आणून दिलेल्या पिशव्या तिथे उघडल्या जातात. स्वयंसेवक एकेक कपडा उजेडात धरून काखेतला डाग, तुटलेलं बटण, अडकणारी चेन तपासतात. पास झालेला कपडा हँगरवर चढतो, वाफेच्या यंत्रानं त्याच्या सुरकुत्या जातात, लेबल टोचणाऱ्या पिस्तुलानं किमतीची चिठ्ठी बसते. देणारा ब्रिटनमध्ये आयकर भरत असेल आणि त्यानं गिफ्ट एडचा फॉर्म भरला असेल, तर त्याच्या वस्तूंवर वेगळं स्टिकर लागतं. मग विक्रीच्या दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. मराठी घरांतून पिशव्या भरभरून जातात, पण हा फॉर्म भरायचा अनेकदा राहून जातो. दोन मिनिटांचं काम आहे, जरूर करावं.

द्यायला कुणाची ना नसते. अडतं ते घेण्यापाशी. पहाटे अभ्यंगस्नान करून वापरलेला कपडा अंगावर चढवायचा, तोही कुणाचा कोण जाणे, ही कल्पनाच अनेकांना सहन होत नाही. या भावनेचा मान ठेवायला हवा. पण आपल्याच घरांत बाळाला पहिलं दुपटं आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं शिवतात. पैठणी तीन पिढ्या फिरते. जुन्या नऊवारीची गोधडी होते आणि गोधडीच्याही चिंध्या झाल्यावर तिचं पोतेरं होतं. मुंबईत बोहारीण दारात बसून जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देऊन जात असे. वापरलेल्या वस्तूचं मोल मराठी घराला शिकवावं लागत नाही. बाहेरच्याची वस्तू घरात घेण्याची सवय तेवढी नवी आहे.

सुरुवात मुलांपासून करणं सोपं जातं. थंडीचा जाड कोट, चिखलातले वेलिंग्टन बूट, सायकल, नाताळच्या नाटकाचा पोशाख, हे सगळं मुलांना एका हंगामापुरतंच होतं. एनसीटी ही पालकांची जुनी संस्था गावोगाव ‘निअर्ली न्यू’ विक्री भरवते. चर्चच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात आणि आईबाप एकमेकांच्या मुलांचे कपडे घेऊन जातात.

कंपनीच्या कामावर दोन-तीन वर्षांसाठी येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न मोठा असतो. आल्या आल्या पलंग, सोफा, टेबल, टीव्ही कोरे घ्यायचे आणि परतीचं तिकीट आलं की आठवड्याभरात हलवायचे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनची फर्निचर आणि विजेच्या उपकरणांची स्वतंत्र दुकानं आहेत. तिथून घेता येतं आणि निघताना तिथेच देता येतं. एक बारीकशी पण महत्त्वाची गोष्ट मात्र सांभाळायला हवी. १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांमुळे, सोफ्यावर आगीसंबंधीचं लेबल शिवलेलं नसेल तर चॅरिटी शॉप्स तो घेत नाहीत. उशीखाली लोंबणारं ते पांढरं लेबल खुपतं म्हणून कापून टाकलं, तर धडधाकट सोफाही थेट कचऱ्यात जातो.

ब्रिटनलाही काटकसर परकी नाही. १ जून १९४१ ला इथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं होती. एका लोकरीच्या झग्यालाच ११ लागत. सरकारनं ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून रफू आणि ठिगळ कसं लावायचं ते शिकवलं. पुढे याच देशाला स्वस्त फॅशनची चटक लागली. २०१९ मध्ये संसदेच्या पर्यावरण समितीनं शिफारस केली की कपडे बनवणाऱ्यांकडून नगामागे एक पेनी घ्यावी आणि त्यातून जुन्या कपड्यांच्या संकलनाची व वर्गीकरणाची व्यवस्था उभी करावी. सरकारनं ती मानली नाही. एका पेनीची ती सूचना नाकारणं ही मोठी चूक होती.

कारण चॅरिटी शॉप सगळं पोटात घेऊ शकत नाही. तिथे न खपलेला माल चिंध्यांचे व्यापारी किलोच्या भावानं उचलतात आणि त्यातला बराचसा परदेशी जातो. वापरलेले कपडे निर्यात करणाऱ्या जगातल्या प्रमुख देशांत ब्रिटन आहे. घानाची राजधानी आक्रामधल्या कांतामांतो बाजारात या कपड्यांचे गठ्ठे न उघडता विकत घ्यावे लागतात. आत काय निघेल ते विकणारीच्या नशिबावर. पातळ, एका धुण्यात विटणारे कपडे जितके वाढले तितका तिचा तोटा वाढला, आणि न विकलेला माल गटारांतून समुद्रकिनाऱ्यावर पोचला. जानेवारी २०२५ च्या पहिल्याच दिवसांत तो बाजार आगीत मोठ्या प्रमाणावर बेचिराख झाला.

लोकरीची वाट वेगळी आहे. यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ मध्ये बेंजामिन लॉनं लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधली आणि आसपासच्या गावांचं पोट शंभर-दीडशे वर्षं त्यावर भरलं. आज ते काम हरियाणातल्या पानिपतला होतं. परदेशातून आलेले स्वेटर आणि कोट कापून, रंगांप्रमाणे वेगळे करून, पिंजून त्यांची ब्लँकेटं विणली जातात. तेव्हा पिशवी दारात ठेवली की जबाबदारी संपली असं होत नाही. कपडा धुऊन, बटण लावून द्यावा, आणि मुळात कमी घ्यावेत. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेनं हिशेब मांडला आहे की कपड्याचा वापर नऊ महिन्यांनी वाढवला, तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. नऊ महिने म्हणजे जवळजवळ या दिवाळीपासून पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंतचा काळ, एवढंच.

नवं घ्यायचंच असेल तर लेबलावर विसंबू नये. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगानं २०२१ मध्ये पर्यावरणविषयक दाव्यांची नियमावली काढली. २०२२ मध्ये आसोस, बूहू आणि ॲसडाचा जॉर्ज या कपड्यांच्या नाममुद्रांची चौकशी सुरू केली. मार्च २०२४ मध्ये तिघांनी लेखी हमी दिली की यापुढे मोघम हिरवी विशेषणं आणि पानं-फुलांची चित्रं वापरून दिशाभूल होणार नाही. एप्रिल २०२५ पासून या आयोगाला ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या कंपनीला जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करता येतो. ग्राहकानं विचारायचा प्रश्न सोपा आहे: यात नेमकं किती टक्के काय आहे?

कापडी पिशव्यांचंही तसंच. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ ला प्लॅस्टिकच्या पिशवीवर ५ पेन्स लागले, मे २०२१ मध्ये १०, आणि मोठ्या सुपरमार्केटांतल्या पिशव्या ९५ टक्क्यांहून जास्त घटल्या. वेल्सनं तर हे २०११ मध्येच केलं होतं. पण इंग्लंडच्या पर्यावरण खात्याच्या २०११ मधल्या अभ्यासानुसार, हवामानावरचा परिणाम पाहता, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा ती एकदा वापरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. प्रत्येक संमेलनात, प्रत्येक दिवाळी कार्यक्रमात छापील सुती पिशवी भेट देणाऱ्या मंडळांनी हा आकडा पाहावा. घराघरांत दाराच्या मागे दहा-दहा लटकत आहेत.

भेटी गुंडाळायच्या कागदाची परीक्षा हातानंच होते. कागद मुठीत चुरगाळायचा आणि सोडायचा. चुरगळलेलाच राहिला तर रिसायकलिंगमध्ये जातो, फुलून पुन्हा उघडला तर त्यात प्लॅस्टिक आहे. नाताळच्या झाडाबद्दल कार्बन ट्रस्टचा हिशेब असा: खरं झाड लँडफिलमध्ये कुजलं तर सुमारे १६ किलो, चिपा करून वापरलं तर साडेतीन किलो, आणि दोन मीटर उंचीच्या प्लॅस्टिकच्या झाडाचे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. प्लॅस्टिकचं लॉफ्टमध्ये आधीच असेल तर तेच वर्षानुवर्षं काढत राहणं उत्तम. लँकशरच्या फाइल्ड किनाऱ्यावर तर वापरून झालेली खरी झाडं वाळूत पुरतात. त्यांच्याभोवती वाळू अडते आणि टेकड्या पुन्हा उभ्या राहतात.

आता फराळ. पुण्याहून हवाई पार्सलनं चकली-चिवडा मागवायची रीत वाढली आहे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत विमानाच्या वाहतुकीचा भार जहाजाच्या सुमारे ५० पट धरला जातो. आईनं पाठवलेल्या एका डब्याचं मोल असल्या हिशेबात बसत नाही, तो यावाच. पण उरलेला फराळ वेंब्ली, साउथॉल किंवा लेस्टरच्या दुकानात जहाजानं आलेल्या डाळ-बेसनाचा घरीच होऊ शकतो. तेल इथल्याच मोहरीवर्गीय रेपसीडचं मिळतं. मे महिन्यात मोटारवेवरून पिवळीधमक दिसणारी शेतं त्याचीच. साखर नॉरफोक-सफोककडच्या बीटची मिळते. शंकरपाळ्याला ती चालते.

तळण झाल्यावर उरलेलं तेल मात्र सिंकमध्ये ओतू नये. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात गटारात चरबी, तेल आणि ओल्या वाइप्सचा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला. तो फोडायला कामगारांना आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात ठेवला गेला. कढई निवू द्यावी, तेल गाळून बरणीत भरावं, पुन्हा वापरण्याजोगं नसेल तर काउन्सिलच्या टिपवरच्या, म्हणजे कचरा केंद्रावरच्या, तेलाच्या टाकीत द्यावं. कढईला चिकटलेलं कागदानं पुसून मगच ती धुवावी.

आकाशकंदिलाच्या बाबतीत आपली पद्धतच बरी. बागकामाच्या दुकानातल्या बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, आत एलईडीचा दिवा, आणि तो दाराशी टांगलेला. आकाशात सोडायचे चिनी कंदील वेगळे. २०१३ च्या उन्हाळ्यात बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकला असाच एक जळता कंदील रिसायकलिंगच्या आवारात पडला. सुमारे एक लाख टन प्लॅस्टिक पेटलं आणि दोनशेच्या वर अग्निशमन जवान तिथे राबले. रिसायकलिंगसाठी गोळा केलेला मालच धुरात गेला.

राहिले मंडळांचे कार्यक्रम. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि आता जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरात मराठी मंडळी एकत्र येऊन दिवाळी करतात. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, वाट्या, चमचे आणि थर्मोकोलचे डबे देण्यावर बंदी आहे. त्यांच्या जागी कागदाच्या ताटल्यांचे ढीग आले. आमटीनं भिजलेला, मेणाचा थर दिलेला कागदही बहुतेक ठिकाणी रिसायकल होत नाही. भाड्यानं मिळणाऱ्या बऱ्याच हॉलांत स्वयंपाकघर आणि कपबश्या असतात. घराघरांतून स्टीलची ताटं आणायला सांगता येतात. अडचण एकच येते, ती म्हणजे जेवणानंतर तीनशे ताटं कोण धुणार. त्यासाठी कार्यक्रमाची पत्रिका काढतानाच सूत्रसंचालकाच्या नावाखाली भांडी धुणाऱ्यांच्या पाळ्या छापाव्यात, आणि पहिली पाळी कार्यकारिणीनं घ्यावी.