मृतदेहच नाही, मग खून कुठला?

बदरपूरची वेस ओलांडली की दिल्ली संपते आणि फरीदाबाद, म्हणजे हरियाणा, सुरू होतं. मथुरा रस्त्याने पलवल, होडल मागे टाकलं की उत्तर प्रदेश लागतो. पश्चिमेला अरवलीपलीकडे गुरुग्राम आणि तिथून जयपूरच्या वाटेला राजस्थान. कारखान्यातला कामगार, दूधवाला, टॅक्सीवाला या वेशी रोज ओलांडतात. पोलिसांची फाइल मात्र वर्षानुवर्षं वेशीवरच अडकत आली.

रहस्यकथेत आधी मृतदेह सापडतो, मग गुप्तहेर येतो. या पट्ट्यातल्या एका भयंकर खूनमालिकेत मृतदेहच सापडत नव्हते.

देवेंद्र शर्मा मूळचा अलीगढ जिल्ह्यातला. आयुर्वेदाची पदवी घेऊन त्याने १९८४ मध्ये राजस्थानात बांदीकुईला दवाखाना थाटला. दहा वर्षांनी गॅस एजन्सीच्या व्यवहारात त्याला अकरा लाखांचा गंडा बसला. पुढच्याच वर्षी अलीगढजवळच्या छर्रा गावात त्याने स्वतःच बनावट गॅस एजन्सी उघडली. सिलिंडरने भरलेले ट्रक लुटायचे, चालकाला संपवायचं, माल एजन्सीत उतरवायचा. मग गुरुग्राममधल्या बेकायदा मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या टोळीत तो दलाल म्हणून शिरला. २००२ ते २००४ या काळात टॅक्सीचालकांचे खून झाले. पद्धत अगदी साधी होती. टोळीतली माणसं प्रवासी बनून टॅक्सी ठरवायची, गाडी उत्तर प्रदेशाकडे न्यायची, आडरानात चालकाला मारायचं आणि मृतदेह कासगंजच्या हजारा कालव्यात लोटायचा. कालव्यात मगरी होत्या. गाडी वीस-पंचवीस हजारांना विकली जायची.

आता हेच ठाण्यातल्या टेबलामागून पाहा. चालक बेपत्ता, गाडीही बेपत्ता. गाडीच्या मालकाच्या मनात पहिली शंका कोणती येईल? पोरगा गाडी घेऊन पळाला. चालकाच्या बायकोची तक्रार एका राज्यात, खून दुसऱ्या राज्यात, गाडीचं गिऱ्हाईक भलतीकडेच. प्रत्येक ठाण्याच्या वाट्याला एकच हरवलेला माणूस. मालिका आहे हे कळायला तीन-चार नोंदी एका माणसाच्या हाती एकत्र यायला हव्यात आणि त्या तशा येत नव्हत्या. माझ्या मते शर्माची खरी हुशारी मगरींत नव्हती, ती या सरहद्दींत होती. अखेर २००४ मध्ये तो सापडला.

मराठी वाचकाला इथे मुंबईचा मालिका खुनी रमण राघव आठवणारच. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत रेल्वेमार्गालगत उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले. १९६८ मध्ये तेच सत्र पश्चिम उपनगरांकडे सुरू झालं. हत्यार बोथट आणि जड, वेळ रात्रीची, बळी गरीब. शहर मोठं असलं तरी पोलीस आयुक्त एकच होता आणि गुन्हे शाखेची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्या हाती होती. पहिल्या सत्रात संशयावरून धरलेल्या आणि पुराव्याअभावी सोडलेल्या माणसाची जुनी नोंद त्यांच्याच दप्तरात होती. २७ ऑगस्ट १९६८ला डोंगरीत उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी छायाचित्रावरून त्याला हेरलं. त्याच्या हातातली छत्री ओली होती आणि त्या भागात तर पाऊस पडलेला नव्हता. कुठून आलास, तर मालाडच्या चिंचोळीहून. दोनच दिवसांपूर्वी तिथे खून पडले होते. बोटांच्या ठशांनी ओळख पक्की झाली. कोठडीत तो आधी तोंड उघडेना. कोंबडीचं जेवण मिळालं, मग खोबरेल, कंगवा, आरसा मिळाला, तेव्हा कुठे बोलता झाला.

बोलता होणं आणि गुन्हा सिद्ध होणं यांत मात्र बरंच अंतर असतं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम तेच सांगत होतं, नवा भारतीय साक्ष्य अधिनियमही तेच सांगतो. चालतं काय, तर आरोपीच्या सांगण्यावरून प्रत्यक्ष हाती लागलेली वस्तू आणि तेवढ्यापुरता जबाब. शर्मा म्हणे पन्नासनंतर मोजायचा थांबला. असले आकडे वर्तमानपत्रांना आवडतात. मला ते जपून घ्यावेसे वाटतात. अमेरिकेत हेन्री ली लुकास नावाच्या माणसाने शेकडो खून कबूल केले आणि पुढे त्यांतले बहुतेक खोटे ठरले. शर्माच्या बाबतीत वेगवेगळ्या न्यायालयांनी मिळून सात खटल्यांत जन्मठेप दिली, गुरुग्रामच्या न्यायालयाने फाशीही सुनावली. खात्रीचं बोलायचं तर एवढंच.

मृतदेह नसतानाही खून शाबीत होऊ शकतो. पण मग परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी घट्ट हवी: चालक शेवटचा कोणाबरोबर दिसला, गाडी कोणाकडे निघाली. गाडी हा तसा बोलका साक्षीदार असतो. चेसिसवर ठोकलेला क्रमांक चोर कानशीने घासून काढतात. पण ठोकताना धातू आतपर्यंत दबलेला असतो. प्रयोगशाळेत तो भाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचं द्रावण फिरवतात. दबलेला धातू शेजारच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेले आकडे हळूहळू वर येतात. काही मिनिटांत पुन्हा नाहीसेही होतात, म्हणून दिसले की लगेच फोटो काढायचा.

ही दुखणी शर्माबरोबर संपली नाहीत. डिसेंबर २००६ मध्ये नोएडातल्या निठारीत नाल्यातून लहान मुलांचे सांगाडे निघाले. त्यांच्या आईबापांनी कितीतरी आधीपासून ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तपास इतका कच्चा ठरला की २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने पुढ्यात आलेल्या खटल्यांत दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवलं. खुद्द फरीदाबादमध्ये जानेवारी २०२२ला एका सुरक्षारक्षकाला अटक झाली. एकामागून एक खून करून त्याने मृतदेह आग्रा कालव्यात टाकले, असं पोलिसांनी सांगितलं. ओखल्याहून निघालेला हा १८७४ सालचा कालवा फरीदाबाद ओलांडून थेट आग्र्याकडे जातो. पाण्यात पडलेला पुरावा वाहत दुसऱ्या ठाण्याच्या, कधी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत जातो.

आता साधनं आहेत. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान यांच्या बेपत्ता माणसांच्या, बेवारस मृतदेहांच्या आणि चोरीच्या गाड्यांच्या नोंदी ‘झिपनेट’वर एकत्र पाहता येतात. देशभरची ठाणी जोडणाऱ्या ‘सीसीटीएनएस’ला २००९ मध्ये मंजुरी मिळाली. जुलै २०२४ पासून हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, ‘झिरो एफआयआर’ला कायद्यातच जागा मिळाली. अर्थात नोंद वेळेवर भरणारा हवालदार आणि दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणारा अधिकारी लागतोच.

शर्मा जानेवारी २०२० मध्ये वीस दिवसांच्या पॅरोलवर जयपूरच्या तुरुंगातून सुटला आणि परतलाच नाही. जुलैत दिल्लीच्या बापरोला भागात पकडला गेला. एवढं होऊनही २०२३ मध्ये त्याला पुन्हा पॅरोल मिळाला, हे मला आजवर उमगलेलं नाही. तो पुन्हा पळाला. मे २०२५ मध्ये दिल्ली पोलिसांनी त्याला राजस्थानातल्या दौसा इथल्या एका आश्रमात गाठलं. तिथे तो पुजारी बनून राहत होता. बांदीकुई याच दौसा जिल्ह्यात येतं. फरारी माणूस ओळखीच्या मुलखाकडे वळतो, हे जुन्या तपासनिसांना पाठ असतं. तरी त्याला शोधायला दीड वर्षाहून अधिक काळ गेला.